दाबलं तरी न जाणारा डाग

भिवंडीच्या वस्त्यांमधून घरोघर फिरणाऱ्या आम्ही आरोग्य गटातल्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. हातात काम असेल तर ते चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा.

अंगावर काही उठलं की आपण त्याला लगेच नाव देतो. घामोळं, पित्त, गजकर्ण, नागीण, उष्णता. बहुतेक वेळा नाव बरोबर निघतं आणि काम भागतं. पण एक खूण अशी आहे की तिला आपल्या बोलीत नावच नाही, म्हणून आपण ती दुसऱ्याच कुठल्या तरी नावाखाली ढकलून देतो. जांभळा किंवा तपकिरी डाग, कडा जाळीसारख्या किंवा झाडाच्या फांद्यांसारख्या, दाबला तरी फिका न होणारा, भयंकर दुखणारा आणि मध्ये काळा पडत जाणारा. हा डाग दिसतो कातडीवर, पण दुखणं कातडीचं नसतं. खालची बारीक रक्तवाहिनी, म्हणजे आपण जिला नस म्हणतो ती, बुजलेली असते. तिच्यावर जगणारा कातडीचा तेवढा तुकडा उपाशी मरत असतो.

नस बुजण्याची कारणं डॉक्टरांच्या पुस्तकात डझनांनी आहेत. ती यादी आज पाठ करायची नाही, ते काम डॉक्टरांचं. आपल्याला तीन गोष्टी शिकायच्या आहेत. असा डाग ओळखायचा कसा, घाई किती करायची, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर काय काय सांगायचं. कारण या दुखण्यात निम्मं निदान मशीनमधून येत नाही, आपण सांगितलेल्या हकिकतीतून येतं.

आधी डाग जाळीसारखा का दिसतो ते पाहू. आपल्या चाळीत पाणी कसं येतं? रस्त्याखालून मोठी लाइन, तिच्यातून उभा पाइप वर, आणि त्या पाइपमधून आजूबाजूच्या खोल्यांना फाटे. कातडीतही असंच असतं. खालून एक बारीक धमनी वर येते आणि गोल पसरून आपल्या वाट्याच्या कातडीला रक्त देते. दोन धमन्यांच्या हद्दी जिथे मिळतात, तिथे रक्त सगळ्यात कमी आणि सगळ्यात सावकाश पोचतं. वरून पुरवठा कमी झाला की या हद्दी आधी निळ्या-जांभळ्या पडतात. त्या एकमेकींना जोडल्या की जाळी दिसते. पुरवठा अगदीच तुटला तर तिथली कातडी काळी पडते.

आता घरच्या घरी करायची एक साधी परीक्षा. स्वच्छ काचेचा पेला घ्या आणि त्याची बाजू डागावर हळूच दाबून काचेतून बघा. डाग फिका पडला, तर रक्त अजून नसेच्या आतच आहे, नस फक्त फुगली आहे. पित्ताचे चट्टे असे असतात. डाग तसाच राहिला, तर रक्त नसेबाहेर सांडलं आहे किंवा आत अडकून बसलं आहे. असा न जाणारा डाग डॉक्टरांना दाखवायचाच.

आपल्यातल्या पुष्कळ जणींचा रंग सावळा किंवा काळा आहे. पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, त्यामुळे त्यात दिसणारा लाल-जांभळा रंग आपल्या अंगावर तसा दिसत नाही. आपल्याकडे तो काळपट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसतो. म्हणून तळहात, तळपाय, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडाच्या आतला भाग जरूर बघा. दिव्याखाली नको, दिवसाउजेडी बघा. आणि रंगापेक्षा दुखण्याकडे जास्त लक्ष द्या. डाग लहान आणि दुखणं मोठं, अशी जोडी दिसली की सावध व्हा.

न जाणाऱ्या डागांचेही आकार तीन. पहिला, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. पावसाळ्यात डेंग्यूच्या तापात प्लेटलेट कमी झाल्या की येतात ते. तिथे नस बुजलेली नसते, रक्त झिरपलेलं असतं. तेही दाखवायचे, पण त्यांचा कप्पा वेगळा. दुसरा, हाताला उंचवटा लागणारे डाग, बहुधा पायांवर. त्यात नसेच्या भिंतीला सूज असते, डॉक्टर त्याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. तिसरा, जाळीचा किंवा फांद्यांचा, मध्ये काळा पडणारा. हाच आपला आजचा विषय. हे तीन आकार कधी कधी एकमेकांत मिसळतात, म्हणून शेवटचा निवाडा डॉक्टरांचा. पण आपण नुसतं ‘लाल झालंय’ म्हणण्यापेक्षा ‘ठिपके आहेत’, ‘उंचवटा लागतो’ किंवा ‘जाळी आहे’ असं सांगितलं, तर त्यांचं अर्धं काम होतं.

घाबरण्याआधी चार निरुपद्रवी गोष्टी बाजूला काढू. तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर गारठा लागला की अंगावर निळसर जाळी उमटते, आणि दुपट्यात गुंडाळून ऊब मिळाली की जाते. तिची काळजी नाही. ऊब मिळूनही न जाणारी, तुटक-तुटक जाळी मात्र दाखवायची. दुसरी, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नडगीवर किंवा पाळीच्या दुखण्यासाठी पोटाला रोज गरम पिशवी लावणाऱ्या मुलीच्या पोटावर तपकिरी जाळी येते. ती शेकाची खूण आहे. शेक थांबवला की बहुधा हळूहळू फिकी होते. तिसरी, बारा-बारा तास लूमवर उभं राहणाऱ्यांच्या घोट्यावरचा तपकिरी रंग आणि फुगलेल्या शिरा. रक्त वर चढायला अडतं म्हणून ते होतं. त्यालाही उपचार लागतो, पण त्यात रात्रीतून कातडी काळी पडत नाही.

चौथी गोष्ट जरा हळू आवाजात. माराचा डाग. माराचा डाग काही दिवसांत रंग बदलतो, निळ्याचा हिरवट, हिरव्याचा पिवळा होतो आणि विरतो. नस बुजल्याचा डाग असा विरत नाही. अंगावर निळं दिसलं की कुणी ‘पडले असेन’ म्हणून झाकते. मैत्रिणींनो, डाग माराचा असो की आजाराचा, तो झाकून कुणाचंच भलं होत नाही. डॉक्टरांना सांगा, ‘मला एकटीशी बोलायचं आहे.’ तो तुमचा हक्क आहे.

आता कप्प्यांकडे येऊ. नस कशाने बुजली, यावरून डॉक्टर त्याचे प्रकार पाडतात. कारण उपचार कारणावर ठरतो. एकाला रक्त पातळ करणारं औषध हवं, दुसऱ्याला जंतू मारणारं, तिसऱ्याचं चालू औषध बदलायला हवं. डाग सारखा दिसला तरी शेजारणीची गोळी आपल्याला चालत नाही, ती यासाठी.

पहिला कप्पा, दुसरीकडून वाहत आलेला अडथळा. हृदयाच्या झडपेला जंतूंचा संसर्ग झाला, तर तिथला लहानसा तुकडा सुटून रक्ताबरोबर बोटांच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे अडकतो. लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेला असेल, कुणी ‘झडप खराब आहे’ असं सांगितलं असेल, आणि आता कित्येक दिवस बारीक ताप असून बोटांवर दुखरे डाग आले असतील, तर या दोन गोष्टी एकत्र सांगा. वयस्कर माणसाच्या मोठ्या धमनीतला चरबीचा चुराही असाच सुटतो. अँजिओग्राफीनंतर काही दिवसांनी पायाची बोटं निळी पडली, तर ती तपासणी झाल्याची तारीख सांगा.

दुसरा कप्पा, रक्त नको तिथे गोठणं. हा कप्पा बायकांनी नीट ऐकावा. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाचा एक आजार आहे. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज या डॉक्टरांनी १९८३ साली त्याची ओळख पटवून दिली. यात आपल्याच शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं रक्त गोठवतात. कुणाच्या पायात गुठळी होते, कुणाला तरुण वयात लकवा येतो, कुणाच्या मांड्यांवर तुटक जांभळी जाळी दिसते. आणि कुणाचं पोट पुन्हा पुन्हा पडतं, कारण वारेलाच नीट रक्त मिळत नाही.

वस्तीत फिरताना आम्ही ऐकतो, ‘तिच्या पोटात टिकतच नाही,’ ‘तिला नजर आहे,’ ‘पांढऱ्या पायाची आहे.’ सासू बोलते, जाऊ बोलते, शेवटी ती स्वतःही तसंच मानायला लागते. तिच्या मांडीवरची जाळी मात्र कुणी बघितलेली नसते. दहा आठवड्यांच्या आत तीन किंवा जास्त गर्भपात झाले असतील, किंवा दहा आठवड्यांनंतर, बाळ नीट वाढत असताना एकदा जरी गेलं असेल, तर या आजाराची रक्ततपासणी व्हायला हवी. तीन तपासण्या असतात. त्यातली एखादी सदोष आली, तर निदान बारा आठवड्यांनी तीच पुन्हा करायची. एखाद्या तापानंतरही ही प्रतिद्रव्यं थोडे दिवस रक्तात येतात आणि निघून जातात, म्हणून एका कागदावर शिक्का मारायचा नसतो. निदान पक्कं झालं, तर पुढच्या गरोदरपणात डॉक्टर अॅस्पिरिनची कमी मात्रा आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि पुष्कळ जणींच्या हातात बाळ येतं. अशा बाईने गर्भनिरोधक गोळी मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने गुठळीचा धोका वाढतो.

याच कप्प्यात रक्त गोठणं आवरणाऱ्या प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांची जन्मजात कमतरता येते. आणि खुद्द औषधांनी होणारे दोन प्रकारही येतात. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध सुरू केल्यावर साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवशी, क्वचित, स्तन, मांडी किंवा कुल्ल्यावर दुखरा डाग येऊन तो काळा पडतो. हा त्रास बायकांमध्ये जास्त दिसतो. हेपॅरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला प्लेटलेट घसरून उलट गुठळ्या होऊ शकतात. म्हणून औषध सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा. ऐकलं म्हणून चालू औषध घरी बंद करू नका. डाग आला की त्याच दिवशी जा आणि ते औषध देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

घोट्याजवळ पुन्हा पुन्हा बारीक, फार दुखणाऱ्या जखमा होतात आणि भरल्यावर पांढरे, चांदणीसारखे व्रण राहतात, असाही एक प्रकार आहे. त्याचं नाव लिव्हिडॉइड व्हॅस्क्युलोपथी. तो बायकांना जास्त होतो. आपल्याकडे उभं राहून काम करणाऱ्या खूप, त्यामुळे त्या जखमेला ‘शिरा फुगल्याची जखम’ समजून वर्षानुवर्षं नुसती पट्टी होत राहते. पांढऱ्या चांदण्या दिसल्या की त्या बोट ठेवून दाखवा.

तिसरा कप्पा, जंतूंचा. यात वेळ तासांत मोजायचा. कडक ताप, अंगावर झपाट्याने पसरणारे जांभळे डाग, मान ताठ, मूल सुस्त किंवा अति चिडचिडं. मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस नावाचा जंतू असं करतो. गोचिडीपासून होणाऱ्या तापातही डाग येतात, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि बोटांची टोकं किंवा कानाची पाळी काळी पडू शकते. योग्य अँटिबायोटिक लवकर मिळालं तर जीव वाचतो. घरात गुरं-कुत्री असतील किंवा नुकतंच गावी रानात जाणं झालं असेल, तर ते सांगा. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण काळ्या बुरशीचं नाव ऐकलं. ती बुरशी नसेत घुसून नस बुजवते, आणि मेलेला भाग काळा दिसतो. म्हणून ती काळी.

जंतूंच्याच कप्प्यात कुष्ठरोगाची एक दुर्मीळ अवस्था येते. मेक्सिकोत लुसियो आणि अल्वाराडो या डॉक्टरांनी १८५२ साली तिचं वर्णन केलं. उपचार न झालेल्या कुष्ठरोगात जंतू नसांच्या आतल्या अस्तरात शिरतात, आणि हातापायांवर वेड्यावाकड्या आकाराचे जांभळे डाग पडून त्यांच्या जखमा होतात. भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. त्याला दूरीकरण म्हणतात, पण त्याचा अर्थ रोग संपला असा नाही. महाराष्ट्रात आजही नवे रुग्ण सापडतात. बधिर चट्टा, जाड झालेल्या कानाच्या पाळ्या, गळलेल्या भुवया अशी खूण असेल तर लपवू नका. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग बरा होतो.

चौथा कप्पा, थंडीचा. काहींच्या रक्तात असं प्रथिन असतं की गारठ्यात ते घट्ट होतं आणि कान, नाक, बोटं, पाय इथल्या नसा अडवतं. त्याला क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. हिपॅटायटिस सी या काविळीच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. इथे एक गंमत आहे. हे रक्त काढल्यावर ते अंगाच्या उबेत, म्हणजे ३७ अंशांवर ठेवून प्रयोगशाळेत न्यावं लागतं. वाटेत गार झालं तर प्रथिन नळीतच खाली बसतं आणि तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येते. म्हणून ही तपासणी जिथे रक्त काढतात तिथेच प्रयोगशाळा असेल तर उत्तम.

पाचवा कप्पा, लाल पेशींचा. सिकलसेल आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. अंग ठणकतं, आणि घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होऊ शकतात. नंदुरबार, गडचिरोली आणि २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आढळतो. त्या भागांतून भिवंडीत वीटभट्टीवर, बांधकामावर, गोदामात कामाला येणारी कुटुंबं आहेत. सोल्युबिलिटी ही रक्ताची साधी चाचणी आहे. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून आजार पक्का करतात. लग्नाआधी आणि गरोदरपणात ती करून घेणं शहाणपणाचं.

सहावा कप्पा, नसेच्या भिंतीचा. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या नसांत चुना साठून पोटावर, मांडीवर अतिशय दुखरे, कडक, काळे पडणारे डाग येऊ शकतात. ते दिसले की पुढच्या डायलिसिसच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. आणि आपल्या गावाला जवळचा असलेला आजार म्हणजे बर्जरचा. लिओ बर्जर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा अभ्यास मांडला. रोगी बहुतेक करून तरुण पुरुष, बिडी-सिगारेट ओढणारा. चालताना पोटरी किंवा तळवा ठणकतो, थांबलं की राहतो. मग पायाची बोटं गार, निळी, आणि एक दिवस टोक काळं. रात्रपाळीत झोप उडवायला बिडी ओढणारे कितीतरी घरधनी आपल्या ओळखीचे आहेत. या आजाराचा मुख्य उपचार एकच, तंबाखू पूर्ण बंद. कमी नाही, बंद. बिडी सोडून गुटखा धरला तर चालणार नाही, आणि आपली मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. ज्यांनी वेळीच सोडली त्यांचे पाय बहुतेक वेळा वाचले, आणि ज्यांनी सोडली नाही त्यांचं एकेक बोट, मग पाऊल गेलं. बायांनो, घरधन्याशी भांडायला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही.

मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या मोठ्या नसाही अशाच अरुंद होतात, आणि पाय बधिर असल्याने दुखतही नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेत बोटं ठेवून नाडी लागते का बघा. काही निरोगी माणसांनाही ती लागत नाही, म्हणून घाबरू नका, डॉक्टरांकडून बघून घ्या. ते घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून ताडून बघतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं आणि उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं, तर धमनी अरुंद आहे. ही तपासणी झाल्याशिवाय सुजलेल्या पायाला घट्ट पट्टी किंवा घट्ट मोजे चढवू नका. आधीच कमी असलेलं रक्त त्याने आणखी तुटतं.

आता दवाखान्यात काय होतं ते सांगतो. डॉक्टर आधी विचारतील आणि तपासतील. मग रक्त: पेशींची मोजणी, प्लेटलेट, गोठण्याचा वेळ, मूत्रपिंड, साखर आणि कप्प्याप्रमाणे पुढच्या तपासण्या. लघवीही तपासतात. ताप असेल तर रक्तात जंतू वाढतात का ते बघतात. गरजेप्रमाणे हृदयाची सोनोग्राफी आणि पायाचा डॉपलर.

आणि बऱ्याचदा बायोप्सी. इथे आपल्या बाया उठून जातात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही भीती घराघरात आहे. ती खरी नाही. जागा बधिर करून कातडीचा छोटासा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात. हा तुकडा नव्या डागाच्या कडेचा आणि खोलवर, चरबीपर्यंतचा लागतो. पूर्ण काळ्या पडलेल्या मधल्या भागात सगळं मेलेलं असतं, त्यातून कारण कळत नाही. दुर्बिणीखाली दोन गोष्टी दिसतात. नसेच्या भिंतीला सूज आहे, की भिंत ठीक आहे आणि आत बूच बसलं आहे. या एका उत्तरावर उपचाराची दिशा बदलते. सूज असेल तर स्टिरॉइड उपयोगी पडू शकतं. नुसतं बूच असेल तर स्टिरॉइडने भागत नाही, आणि मुळाशी जंतू असतील तर ते घातकही ठरू शकतं. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने ट्यूब किंवा गोळी आणू नका, असं आम्ही सारखं सांगतो ते म्हणूनच.

जाताना एका कागदावर सहा गोष्टी लिहून न्या. डाग कोणत्या तारखेला दिसला आणि किती वेगाने वाढला. ताप आहे का. गेल्या महिन्यात कोणतं औषध सुरू झालं, गर्भनिरोधक गोळीसकट. किती गर्भपात झाले आणि कितव्या महिन्यात. स्वतःला किंवा घरात कुणाला पायात गुठळी, लकवा, हृदयाची झडप, मधुमेह, सिकलसेल, डायलिसिस आहे का. तंबाखू कोणत्या रूपात. शिवाय मोबाइलवर रोज त्याच वेळी, त्याच उजेडात डागाचा एक फोटो काढा. डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारली तर वाढ लगेच कळते.

घाई किती करायची? तापाबरोबर पसरणारे जांभळे डाग, गुंगी, किंवा अचानक गार आणि पांढरा पडलेला हात-पाय, यांना त्याच तासाला. १०८ला फोन करा, ती गाडी फुकट आहे. जाळीचा दुखरा डाग, मध्ये काळा, पण ताप नाही, त्याला त्याच दिवशी. ऊब देऊनही न जाणारी जुनी जाळी, पुन्हा पुन्हा होणारी घोट्याची जखम, पुन्हा पुन्हा पडणारं पोट, यांना या आठवड्यात. सुरुवात आपल्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातून करा. पुढे पाठवलं तर केसपेपर आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या. परळला केईएमच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या कामासाठी ती सुरू झाली, आणि रक्त गोठण्याच्या बिघाडांवर तिथे काम चालतं. म्हणजे वाट लांब असली, तरी अगदी आवाक्याबाहेर नाही.

आणि तोवर काय करायचं नाही? बर्फ नाही, गरम पाण्याचा शेक नाही, चुना-हळदीचा लेप नाही, तेल लावून चोळणं नाही, फोड फोडणं नाही, दोरा घट्ट बांधणं नाही. जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवायची, सैल सुती कापडाने झाकायची आणि निघायचं.

मैत्रिणींनो, कामाच्या गडबडीत आपण आपलं अंग शेवटी बघतो. घरातल्या सगळ्यांचे पाय दिसतात, स्वतःच्या मांडीवरची जाळी दिसत नाही. या आठवड्यात एकदा दिवसाउजेडी दार लावून स्वतःकडे बघा. म्हाताऱ्या सासूचे तळपाय बघा, घरधन्याच्या पायाची बोटं बघा. काही दिसलं तर पेला दाबून बघा. गेलं तर छान. नाही गेलं तर कागद लिहा आणि निघा. काही विचारायचं असेल तर आम्ही वस्तीत येतोच, हाक मारा. भेटू पुढच्या आठवड्यात याच वेळी. नमस्कार.